मणक्याची गादी, दुकानाची गादी

‘गादी’ या शब्दाशी व्यापारी कुटुंबांचे नाते दुहेरी आहे. एक गादी पेढीवरची; तिच्यावर आजोबा बसले, वडील बसले आणि आता मुलगा बसतो. दुसरी गादी पाठीच्या कण्यातली, दोन मणक्यांच्या मध्ये असणारी. पहिल्या गादीची चिंता घरात रोज होते. दुसरी असते याची जाणीव मात्र बहुधा त्या दिवशी होते, ज्या दिवशी डॉक्टर एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरतात आणि म्हणतात, “गादी सरकली आहे. ऑपरेशनचा विचार करावा लागेल.”

त्या एका वाक्याने घरात दोन तट पडतात. “मणक्याला सुरी लावली की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो,” असे एका बाजूने सांगितले जाते. “किती दिवस कळा सोसायच्या? एकदाचे करून टाका,” असे दुसरी बाजू म्हणते. दोन्ही बाजू प्रेमापोटीच बोलत असतात आणि दोन्ही बाजूंकडे पुरेशी माहिती नसते. निर्णय मात्र ज्याच्या पायात कळ आहे त्याने घ्यायचा असतो.

शहापूर-मुरबाडची अडचण

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांच्या बाजारपेठांत दुकानाचा मालक अनेकदा स्वतःच हमालही असतो. सिमेंटची गोणी ५० किलोची, डीएपी खताची ५० किलोची, युरियाची ४५ किलोची. भाताचा हंगाम आला, गडी कमी पडला की मालक स्वतः कंबर वाकवून पोते उचलतो. उरलेला दिवस मांडी घालून, वहीवर वाकून गादीवर जातो. स्वीडनचे शल्यचिकित्सक आल्फ नाचेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्याच्या गादीतील दाब प्रत्यक्ष मोजला. सरळ उभे राहण्यापेक्षा पुढे वाकून बसण्यात हा दाब अधिक असतो आणि वाकून वजन उचलताना तो फारच वाढतो, असे त्यांना आढळले. व्यापाऱ्याच्या दिवसात या दोन्ही गोष्टी भरपूर असतात.

दुसरी अडचण अंतराची आहे. शहापूरकर आसनगावला येऊन लोकल पकडतो. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणपर्यंतचा रस्ता खड्डे मोजतच कापावा लागतो. एमआरआय आणि मणक्याचा तज्ज्ञ यांसाठी बहुधा कल्याण, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. प्रत्येक भेटीला दुकानाचा एक दिवस आणि घरातील एक माणूस खर्ची पडतो. त्यामुळे निर्णय दोन्ही बाजूंनी बिघडतो. काही जण “आता आलोच आहोत तर उरकूनच टाकू” म्हणून घाईने होकार देतात. काही जण “दिवाळी होऊ द्या, मग बघू” म्हणत पुन्हा तज्ज्ञाकडे फिरकतच नाहीत. दिवाळी होते, मग लग्नसराई येते, मग म्हसा यात्रेचा माल भरायचा असतो. पहिल्या प्रकारात अनावश्यक शस्त्रक्रिया होऊ शकते. दुसऱ्या प्रकारात आवश्यक शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते.

फिल्म म्हणजे निकाल नव्हे

मणक्याची गादी म्हणजे बाहेरून चिवट कडे आणि आत मऊ गर असलेली चकती. कडे फाटून गर बाहेर आला आणि त्याने शेजारच्या नसेवर दाब दिला की कंबरेपासून मांडी, पोटरी आणि पावलापर्यंत कळ उतरते. तिलाच आपण सायटिका म्हणतो. बहुतेक वेळा हा प्रकार कंबरेच्या तळाच्या दोन गाद्यांत घडतो. बाहेर आलेली गादी हे या दुखण्याचे कारण असू शकते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी १९३४ साली मांडले. या शस्त्रक्रियेची आधुनिक परंपरा तेथून सुरू झाली.

एमआरआय आल्यापासून मात्र एक नवी अडचण निर्माण झाली आहे. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० व्यक्तींच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीतील अशा निरोगी माणसांपैकी सुमारे ८० टक्क्यांमध्ये गादीची झीज आणि सुमारे ६० टक्क्यांमध्ये गादीचा फुगवटा दिसला. म्हणजे फिल्मवर गादी फुगलेली दिसणे हे अनेकांच्या बाबतीत केस पांढरे होण्यासारखे आहे. पायातील कळ, तपासणीत सापडलेली नसेची खूण आणि फिल्मवरील जागा ही तिन्ही एकमेकांशी जुळली तरच शस्त्रक्रियेचा विचार योग्य ठरतो. रोकडवही, खातेवही आणि बँकेचे पासबुक जुळल्याशिवाय कोणी ताळेबंदावर सही करीत नाही. तोच नियम येथेही लागू आहे.

दुसरी दिलासा देणारी गोष्ट अशी, की बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेऊ शकते. विशेष म्हणजे गर जितका मोकळा सुटून बाहेर आलेला असतो, तितकी तो विरघळण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे फिल्मवर मोठे दिसणारे दुखणे नेहमीच मोठे ठरते असे नाही.

थांबावे किती?

या प्रश्नावर जगात चांगले अभ्यास झाले आहेत. नेदरलँड्समध्ये ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया करायची आणि दुसऱ्या गटाने औषध, हालचाल व धीर यांवर थांबायचे, असे ठरले. २००७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: शस्त्रक्रियेच्या गटाला आराम लवकर मिळाला, पण वर्षअखेर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाल्याचे सांगत होते. थांबलेल्या गटापैकी ३९ टक्क्यांनी वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घेतली. उरलेल्यांना तिची गरज पडली नाही.

अमेरिकेतील १३ केंद्रांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात चार वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांचे दुखणे आणि हालचाल यांतील सुधारणा अधिक आढळली. न केलेल्यांतही सुधारणा झालीच होती. एका बाबतीत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही, तो म्हणजे काम करता येण्याचे प्रमाण. “ऑपरेशन केले नाही तर धंदा बसेल” असे मानणाऱ्यांनी या निष्कर्षाकडे लक्ष द्यावे.

पण थांबण्यालाही मुदत असते. कॅनडातील १२८ रुग्णांच्या अभ्यासात ४ ते १२ महिने सायटिका रेंगाळलेले लोक निवडले होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहा महिन्यांनंतर शस्त्रक्रियेच्या गटातील पायाचे दुखणे दहापैकी सरासरी २.८ वर होते. थांबलेल्या गटात ते ५.२ होते. म्हणजे पहिले सहा ते आठ आठवडे धीर धरणे बहुतेकांसाठी शहाणपणाचे आहे. चार-सहा महिने उलटूनही कळ जशीच्या तशी असेल तर आणखी थांबण्यात फारसा लाभ नाही.

या सर्वांचे सार एका वाक्यात सांगता येईल. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत शस्त्रक्रिया नवे आयुष्य देत नाही. ती वेळ देते. जो आराम कदाचित सहा-आठ महिन्यांनी आला असता, तो ती काही आठवड्यांत आणते. त्या वेळेची किंमत प्रत्येक घरात वेगळी असते. ज्याची कळ सोसण्याजोगी आहे, झोप लागते आहे आणि दुकान सांभाळायला भाऊ किंवा मुलगा आहे, त्याला थांबणे परवडते. जो तीन महिने रात्री झोपलेला नाही, त्याने शस्त्रक्रिया निवडली तर तो त्याचा भित्रेपणा किंवा उतावळेपणा नव्हे.

जेथे हिशेब मांडायचा नसतो

वरील सर्व विचार काही लक्षणांना लागू होत नाही. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या आतील व बैठकीच्या जागेची संवेदना हरपणे, दोन्ही पायांतील शक्ती झपाट्याने जाणे ही लक्षणे कण्याच्या तळाशी असलेल्या नसांचा जुडगा दबल्याची असू शकतात. येथे तासांना महत्त्व आहे. अशा वेळी सकाळच्या पहिल्या गाडीची वाट न पाहता रात्रीच मोठ्या रुग्णालयाकडे निघावे. पाऊल उचलता न येणे, चालताना चप्पल पायातून निसटणे हेही नस अशक्त झाल्याचे लक्षण आहे आणि ते तज्ज्ञाला तातडीने दाखवावे. अशा स्थितीत कंबर चोळून वा झटका देऊन ‘गादी बसवणाऱ्या’कडे जाणे धोक्याचे आहे.

विचारायचे प्रश्न आणि पाहायची कागदपत्रे

तज्ज्ञाकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. माझी कळ, तपासणी आणि फिल्म जुळते का? मी आणखी सहा आठवडे थांबलो तर काय धोका आहे? नेमकी कोणती शस्त्रक्रिया होणार. फक्त दाब देणारा तुकडा काढणार की स्क्रू बसवून मणके जोडणार, आणि जोडणार असल्यास का? पायाची कळ, कंबरेचे दुखणे आणि बधिरपणा यांपैकी कशात किती फरक पडेल? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. ही शस्त्रक्रिया प्रामुख्याने पायाच्या कळेसाठी असते. कंबरेचे जुने दुखणे तिने जाईलच असे नाही, आणि बधिरपणा जायला महिने लागू शकतात. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात पहिल्याचा अपमान नसतो. एकच वस्तू अनेक बाजूंनी पाहावी, ही अनेकांताची शिकवण तर घरातलीच आहे.

विम्याची पॉलिसी शस्त्रक्रिया ठरण्याआधी वाचावी. गादी सरकण्याच्या उपचारासाठी बहुतेक पॉलिसींत प्रतीक्षा कालावधी असतो. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत तो २४ महिन्यांचा आहे, अपघाताने झालेली इजा वगळून. खोलीभाड्याची मर्यादाही पाहावी. मर्यादा ४,००० रुपयांची असताना ८,००० रुपयांची खोली घेतली तर अनेक पॉलिसींत केवळ खोलीभाडेच नव्हे, तर शल्यचिकित्सकाचे शुल्क व इतर संबंधित खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. मे २०२४ मध्ये विमा नियामकाने दिलेल्या निर्देशांनुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. विमा नसलेल्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कोणता उपचार कोणत्या रुग्णालयात बसतो, हे आधीच विचारून घ्यावे.

जैन कुटुंबांनी आणखी काही गोष्टी दाखल होण्यापूर्वीच सांगाव्यात. चौविहार असल्यास रात्रीच्या गोळ्यांची वेळ डॉक्टरांना बदलता येते का ते पाहता येते; गुपचूप गोळी चुकवणे हा त्यावरील उपाय नव्हे. वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी घेतल्यास जठराला इजा होऊ शकते, म्हणून उपवास, आयंबिल वा वर्षीतप चालू असल्यास ते स्पष्ट सांगावे. अनेक कॅप्सूलचे कवच प्राणिज जिलेटिनचे असते. त्याऐवजी गोळी वा वनस्पतिजन्य कवच मिळू शकते का, असे विचारावे. टाक्यांसाठी प्राणिज धाग्याऐवजी कृत्रिम धागे उपलब्ध असतात. नियम आणि उपचार यांत पेच पडलाच तर साधू-साध्वीजींचे मार्गदर्शन घ्यावे. आजारपणात सवलत कशी घ्यावी याचा विचार परंपरेने केलेलाच आहे.

शस्त्रक्रियेनंतर: जयणेचे दिवस

आजच्या सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेत छेद लहान असतो. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे राहून चालतात आणि एक-दोन दिवसांत घरी येतात. घरचे लोक येथेच फसतात. रुग्ण चालताना दिसला की तो बरा झाला असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात गादीच्या कड्याला पडलेले छिद्र भरून यायला आठवडे लागतात. शंभरातील पाच ते दहा जणांना तीच गादी पुन्हा त्रास देते, असे साधारण दिसून येते.

मुंबईचा क्रिकेटपटू श्रेयस अय्यर याचे उदाहरण सर्वांसमोर आहे. २०२३ च्या जानेवारीत पाठीच्या दुखण्याने त्याची न्यूझीलंडविरुद्धची मालिका हुकली. मार्चमध्ये अहमदाबाद कसोटीत दुखणे उलटले आणि त्यानंतर शस्त्रक्रिया झाली. आयपीएल गेली, कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामनाही गेला. सप्टेंबरमध्ये आशिया चषकात तो परतला, तर तेथेच पाठ पुन्हा आखडली आणि सामने सोडावे लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस इंदूरला त्याने शतक केले आणि नोव्हेंबरमध्ये वानखेडेवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात आणखी एक. दिमतीला तज्ज्ञांचा ताफा असलेल्या तरुण खेळाडूलाही महिने लागले आणि मध्ये एक पाऊल मागेही यावे लागले. मग पन्नाशीतील व्यापाऱ्याने पंधरा दिवसांत दुकानाचे शटर उचलण्याची घाई का करावी?

दशवैकालिक सूत्रात चालणे, उभे राहणे, बसणे, झोपणे, जेवणे आणि बोलणे या क्रिया यतनेने करण्यास सांगितले आहे. ही यतना, म्हणजेच जयणा, सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी आहे. पण शस्त्रक्रियेनंतरच्या दिनचर्येला त्याहून नेमका शब्द मिळणे अवघड. चालावे, दिवसातून अनेकदा आणि थोडे थोडे. आधी घरात, मग गल्लीत, मग सपाट रस्त्यावर. बसावे, पण पहिले दोन आठवडे एका वेळी वीस-तीस मिनिटांहून अधिक नाही, आणि जमिनीवर नव्हे तर पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर. अंथरुणातून उठताना सरळ न उठता कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे. वाकणे, पिळणे आणि उचलणे या तिन्ही गोष्टींना पहिले सहा आठवडे रजा द्यावी. दुचाकी आणि खड्ड्यांचा रस्ता यांनाही तीच रजा.

सामायिक ४८ मिनिटांचे असते. तेवढा वेळ कटासणावर मांडी घालून बसणे या काळात योग्य नाही. खुर्चीवर बसून किंवा काही वेळ कायोत्सर्गात उभे राहून साधना करता येते का, हे गुरूंना व डॉक्टरांना विचारून ठरवावे. पंचांग प्रणिपात काही काळ भावानेच करावा. शहापूरच्या टेकडीवरील मानस मंदिराचे दर्शन खालूनच घेतले तरी श्रद्धा उणी होत नाही.

साधारण चार ते सहा आठवड्यांनी सुरू केलेल्या व्यायामाने दुखणे आणि हालचाल लवकर सुधारते, आणि त्याने पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येण्याचे प्रमाण वाढत नाही, असे अभ्यासांच्या आढाव्यांतून दिसते. कमरपट्टा बांधून वर्षभर जपत बसण्यापेक्षा स्नायू मजबूत करणे हिताचे. मणक्याचे ख्यातनाम शल्यचिकित्सक, मूळचे गोव्याचे डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी आपल्या आत्मचरित्राचे नाव ‘ताठ कणा’ ठेवले, आणि ते स्वतः मॅरेथॉन धावत आले. आयुष्यभर इतरांचे कणे सांभाळणाऱ्याने स्वतःचा कणा हालचालीने जपला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. व्यायाम शिकण्यासाठी दर आठवड्याला कल्याणला जाणे शक्य नसेल, तर दोन-तीन भेटींत नीट शिकून घ्यावे, घरातील एकाने तो मोबाईलवर चित्रित करून घ्यावा आणि रोज ठरलेल्या वेळी करवून घ्यावा.

बसून करायच्या कामावर बरेच जण दोन ते चार आठवड्यांत, तेही अर्ध्या दिवसापुरते, परततात. जड उचलण्याचे काम तीन महिन्यांपर्यंत टाळावे लागते. म्हणून या तीन महिन्यांची व्यवस्था शस्त्रक्रियेच्या तारखेआधी लागली पाहिजे. माल कोण उतरवणार, उधारीची वसुली कोण करणार, बँकेत सहीचा अधिकार कोणाला, जीएसटीचे विवरण कोण भरणार, हे लेखी ठरवावे. ही व्यवस्था नसलेल्या घरात रुग्ण तिसऱ्या आठवड्यातच पोत्याला हात घालतो, आणि मग दोष शस्त्रक्रियेला दिला जातो. शस्त्रक्रिया टाळणाऱ्यालाही हीच व्यवस्था हवी. पाठीला विश्रांती न देता थांबणे म्हणजे दुखणे वाढवत नेणे.

निर्णय कोणताही होवो, त्याला तारीख असावी. थांबायचे ठरले तर वहीत लिहावे: अमुक तारखेपर्यंत औषध व व्यायाम, त्या तारखेला पुन्हा तज्ज्ञाची भेट, मग हंगाम असो वा सण. आणि दुकानात चाकांची एक ढकलगाडी आजच आणून ठेवावी. तिची किंमत एका एमआरआयपेक्षा कमी असते, आणि ५० किलोची गोणी तिच्यावर घालायला मालकाची कंबर लागत नाही. दोन माणसे पुरतात. पुढच्या पिढीतील ज्या मुलाला त्या गादीवर बसायचे आहे, त्याला ही सवय पहिल्या दिवसापासून लागली, तर हा निर्णय घेण्याची वेळ कदाचित त्याच्यावर येणारही नाही.